हेड बसवण्याआधी

शिवाजी उद्यमनगर,
कोल्हापूर

चि. बाळास,


काल रात्री फोनवर घाईत बोलणं झालं, म्हणून आज गॅरेज उघडण्याआधी हे पत्र लिहायला बसलो. रिंगा बदलायच्या म्हणून तू ती मारुती ८०० उघडलीस. मालकाला आकडाही सांगून मोकळा झालास. आता हेड साफ केल्यावर दोन वॉल्व सीटांच्या मध्ये केसाएवढी चीर दिसतेय, आणि खाली दोन नंबरच्या रॉडचं बेअरिंग ओरखडलेलं आहे. तू विचारलंस, "मामा, चीर बारीकच आहे. बसवून टाकू का?"

नको. का नको, ते नीट ऐक.

मीटरवर १ लाख ८० हजार किलोमीटर आहेत म्हणालास. गाडी किती धावली हे मीटर सांगतं, तिचे हाल काय झाले ते सांगत नाही. ऑईल किती वेळा उशिरा बदललं, पाणी संपलेलं असताना ती किती लांब हाकली, हे फक्त आतल्या धातूला ठाऊक असतं. शिवाय ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. आज तुझ्या हाती येणारं असं इंजिन आधी कुणीतरी उघडलेलं असणार, हे धरूनच चाल. आधीच्या माणसाने काय झाकलं, तेही तुलाच शोधायचं आहे.

तुझ्या हेडचंच बघ. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. हेड बोल्टांमध्ये जखडलेलं असतं, त्यामुळे गाडी एकदा जोरात गरम झाली की त्याला पसरायला जागा मिळत नाही, मग ते वाकतं नाहीतर तडकतं. कुणीतरी फेसिंग करून, नवं पॅकिंग टाकून ते पुन्हा बसवलं असणार. फेसिंगने वाक जातो, चीर जात नाही. ती कार्बनखाली गप्प राहते आणि प्रत्येक गरम-थंड होण्याबरोबर थोडी पुढे सरकते.

आता माझी गोष्ट. ती तुझ्या आईलाही मी कधी सांगितली नाही. मी तुझ्याच वयाचा होतो. एका गाडीच्या रिंगा बदलताना मला बेअरिंगचा शेल ओरखडलेला दिसला. घरात लग्न होतं म्हणून मालकाला गाडीची घाई होती, आणि वाढीव खर्च सांगायला मला जीभ उचलत नव्हती. मी शेल पुसला आणि परत बसवला. नव्या रिंगांनी वरचा जोर वाढला, खालच्या थकलेल्या बेअरिंगला तो सोसला नाही. महिन्याभरात आंबा घाटात रात्री रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. गाडीत लहान मुलं होती. कुणाला लागलं नाही. पैसे मी हळूहळू फेडले. पण तो शेल पुसताना मला सगळं दिसत होतं, हे आजही मनातून जात नाही.

म्हणून आधी मोजायचं, मग बोलायचं. पुढच्या वेळी इंजिन उघडण्यापूर्वी कॉम्प्रेशन घे. कमी आलं तर चमचाभर ऑईल टाकून पुन्हा घे. वाढलं तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा, तसंच राहिलं तर वॉल्वकडे, हेडकडे बघ. पण क्रँक कसा आहे ते कॉम्प्रेशन सांगत नाही. त्यासाठी बेअरिंगच्या कॅपा काढाव्याच लागतात. त्यांवर आधी खुणा कर, आणि ज्या रॉडची कॅप त्यालाच, त्याच दिशेने बसव.

मूळ बोअर ६८.५ मिलिमीटरचा. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी उभं-आडवं, अशी तीन सिलिंडरची अठरा मापं वहीत लिही. सगळ्यात जास्त झीज वरच्या रिंगेच्या वळणापाशी सापडेल, कारण तिथे उष्णता जास्त आणि ऑईल कमी. पिस्टन चालताना बाजूला रेटतो, म्हणून बोअर अंडाकृती होतो. ते नुसत्या बोटाला कळत नाही, गेजलाच कळतं. झीज मर्यादेबाहेर असेल तर बोअरिंग करून ओव्हरसाइझ पिस्टन घाल. झिजलेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा म्हणजे मालकाचे पैसे धुरात घालवणं. क्रँकची जर्नलं मायक्रोमीटरने तपास. हेडवर लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर मारून चीर कुठवर गेली ते बघ, मग पाण्याच्या वाटा बंद करून प्रेशर टेस्ट कर. लोहचुंबकाची तपासणी बिडाला चालते, ॲल्युमिनियमला नाही.

आणि यापुढे इंजिन न उघडता पूर्ण आकडा सांगू नकोस. उघडण्याचा आणि मोजण्याचा खर्च वेगळा सांग, पुढचा आकडा मापं हातात आल्यावर.

पत्र मिळताच मालकाला बोलाव. टेबलावर स्वच्छ कापड घाल, हेड आणि शेल त्याच्यासमोर ठेव, वहीतली मापं दाखव. दुसरं चांगलं हेड, क्रँक ग्राइंडिंग, नवे शेल यांचा खर्च सांग. गाडीची किंमत तेवढी उरली नसेल तर तेही सांग. तुझी चूक एवढीच की आकडा घाईने सांगितलास. ती कबूल कर. तो चिडेल, कदाचित इंजिन सुटं उचलून नेईल. नेऊ दे. मजुरी बुडाली तर मी बघतो. पण तो "तसंच बसव" म्हणाला तरी बसवू नकोस.

टॉर्क पाना हातात घेण्याआधी मला फोन कर. ताईला माझा नमस्कार सांग.

तुझा,
मामा