कोरोनातली पोटगी माफ होते का?

प्रश्न : आमचा घटस्फोट २०१८ मध्ये झाला. मुलगा माझ्याकडे आहे. त्याच्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली दरमहा ८,००० रुपये पोटगीचा हुकूम आहे. त्याचे वडील चाकणला एका कारखान्यात होते. एप्रिल २०२० मध्ये त्यांचं काम सुटलं. पुढचे अठरा महिने त्यांनी कधी दोन हजार दिले, कधी काहीच नाही. सगळे मिळून २२,००० आले. मी बांगड्या गहाण टाकून शाळेची फी भरली, ऑनलाइन वर्गासाठी जुना मोबाइल घेतला. जानेवारी २०२१ मध्ये वसुलीचा अर्ज केला, त्याच्या अजून तारखाच पडताहेत. आता त्यांना चांगली नोकरी आहे. म्हणतात, "कोरोनाचं सोडून दे, सगळ्यांचंच नुकसान झालं. शिवाय तू मुलाला भेटू दिलं नाहीस." खरंच सोडावं लागेल का?
*एक वाचक, चिंचवड*

उत्तर : ताई, सोडू नका. अठरा महिन्यांचे १,४४,००० होतात, त्यातून २२,००० वजा जाता १,२२,००० रुपये येणे आहे. हा पैसा तुमच्या मुलाचा आहे आणि तो परस्पर माफ करण्याचा अधिकार त्याच्या वडिलांना नाही.

साथीच्या काळात कर्जाच्या हप्त्यांना सवलत मिळाली होती. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी ती जाहीर केली आणि पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. त्यामुळे पोटगीलाही तशीच सूट होती, असा समज बऱ्याच घरांत पसरला. पोटगी थांबवणारा असा कोणताही सरसकट आदेश कधीच निघाला नाही. (आणि बँकेची सवलतसुद्धा हप्ते पुढे ढकलण्यापुरती होती. कर्ज कोणाचंच माफ झालं नव्हतं.)

नोकरी गेली तर काय करायचं, हे कायद्यात लिहिलेलं आहे. परिस्थिती बदलली की पोटगी कमी किंवा जास्त करून मागता येते. त्या वेळी हे कलम १२७ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १४६ आहे. तुमच्या पत्रावरून दिसतं की त्यांनी असा अर्ज केलाच नाही. न्यायालयाने रक्कम बदललेली नसेल, तर हुकूम आठ हजारांचाच राहतो. "कोर्टं बंद होती" हे कारण फार ताणता येणार नाही, कारण तातडीची कामं व्हिडिओद्वारे चालत होती आणि पुढे टप्प्याटप्प्याने न्यायालयं उघडलीही.

त्यांची अडचण खोटी होती असं मी म्हणत नाही. चाकणमध्ये तेव्हा अनेकांच्या हातचं काम गेलं. पण धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायकोमुलांना पोसलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये 'अंजू गर्ग' प्रकरणात पुन्हा बजावलं आहे. शिवाय २८ मार्च २०२० च्या दुरुस्तीनंतर पीएफमधून न परतवायची उचल मिळत होती : तीन महिन्यांचं मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यांतली कमी असेल ती रक्कम. त्यांनी ती काढली का आणि कुठे खर्च केली, हे तुमच्या वकिलांनी विचारायला हवं. त्या काळातलं बँक खात्याचं विवरण मागवण्यासाठी अर्ज द्या.

भेटीचा मुद्दा वेगळा आहे. पोटगी थकली म्हणून आई मुलाची भेट अडवू शकत नाही, आणि भेट झाली नाही म्हणून बाप पोटगी अडवू शकत नाही. साथ येण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, २० जानेवारी २०२० रोजी, 'यशिता साहू' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला मुलाशी फोनवर, व्हिडिओ कॉलवर बोलता आलं पाहिजे. तेव्हा तुमच्या मुलाचे वडिलांशी कॉल होत होते का, हे आठवा. होत असतील तर जुन्या मोबाइलमधली नोंद जपून ठेवा. तुम्ही कॉलही होऊ दिले नसतील तर ते चूक होतं, हे मला स्पष्ट सांगावं लागेल. त्यासाठी ते दाद मागू शकतात, पण पोटगीतून त्याची वजावट होत नाही.

आता वसुली. पोटगीची रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वॉरंटचा अर्ज करावा लागतो. तुमचा अर्ज वेळेत आहे. त्यानंतरच्या महिन्यांची थकबाकी त्यात घेतली गेली आहे का, हे वकिलांना आजच विचारा. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या गणनेतून वगळला होता, त्याचा आधार घेता येईल. मुलगा अठरा वर्षांचा झाला तरी आधीची थकबाकी पुसली जात नाही.

"आत टाका त्यांना" असं अनेक बायका चिडून म्हणतात, आणि तो राग मला समजतो. थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलं आहे. पण त्यांची नोकरी आता चालू आहे, म्हणून मी आधी पगारावर टाच मागेन. नोव्हेंबर २०२० च्या 'रजनेश विरुद्ध नेहा' निकालाने (हे प्रकरण मूळ नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं) पोटगीची वसुली दिवाणी हुकूमनाम्यासारखी करता येईल, असं स्पष्ट केलं. आणि पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून वाचवतं. फीच्या पावत्या, गहाणाची पावती आणि मोबाइलचं बिल एका फाइलमध्ये लावा. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे.

प्रश्न : मी शिर्डीला भाविकांची गाडी चालवतो. मंदिर बंद होतं तेव्हा धंदा शून्य होता. पतसंस्थेचा गाडीचा हप्ता भरला, पण मुलीची पोटगी राहिली. पुन्हा अशी साथ आली तर काय करू?
*एक वाचक, कोपरगाव*

उत्तर : भाऊ, आधी मुलगी, मग गाडी. तुम्ही स्वतःहून घेतलेल्या कर्जाचा हप्ता पोटगीच्या पुढे उभा राहत नाही, आणि न्यायालयात नेमकं हेच तुमच्या अंगाशी येईल. हप्ता भरलात म्हणजे हातात पैसे होते, असाच अर्थ निघेल.

पुन्हा धंदा बसला तर पहिल्याच महिन्यात पोटगी कमी करण्याचा अर्ज द्या. सहा महिने थांबून दिलेल्या अर्जाने मागची सगळी थकबाकी कमी होईल असं धरून चालू नका. अर्जासोबत खरं उत्पन्न दाखवा : आधीच्या वर्षाच्या बुकिंगची वही, डिझेलची बिलं, खात्याचा उतारा. अर्ज चालू असताना पाचशे जमले तर पाचशे पाठवा, पण खात्यावर आणि 'मुलीची पोटगी, अमुक महिना' असं लिहून. रोख दिलेले पैसे नंतर सिद्ध करताना माणसं रडकुंडीला येतात. आणि मुलीच्या आईला फोन करून अडचण सांगा. निम्म्या रकमेवर तात्पुरती तडजोड झाली तर ती लेखी करून न्यायालयात दाखल करा, तोंडी ठेवू नका.

प्रश्न : माझ्या नातीचे वडील दुसऱ्या लाटेत गेले. घटस्फोटानंतर त्यांनी दुसरं लग्न केलं होतं. ते कंपनीत कामाला होते. सासरचे म्हणतात, "संबंध संपला, मुलीचं इथे काही नाही." नात आता चौदा वर्षांची आहे.
*एक आजी, सांगली*

उत्तर : आजी, संबंध नवरा-बायकोचा संपला. बाप-लेकीचा घटस्फोट होत नाही. हिंदू वारसा कायद्याने तुमची नात पहिल्या वर्गातली वारस आहे. मृत्युपत्र नसेल तर दुसरी पत्नी, तिची मुलं आणि मृताची आई यांच्याइतकाच तिचा वाटा आहे. मृत्यूच्या दिवसापर्यंतची थकलेली पोटगीही त्यांच्या मालमत्तेतून मागता येते.

पीएफ कार्यालयात लेखी अर्ज देऊन तीन गोष्टी विचारा : पीएफची शिल्लक, नामनिर्देशन कोणाच्या नावे आहे, आणि पीएफशी जोडलेल्या विम्याचा दावा झाला आहे का. एप्रिल २०२१ पासून या विम्याची कमाल रक्कम ७ लाख रुपये आहे. ते कर्मचारी पेन्शन योजनेत असतील तर मुलांचं पेन्शन २५ वर्षांच्या वयापर्यंत मिळतं. ते एका वेळी दोन मुलांना लागू होतं, म्हणून अर्ज रेंगाळू देऊ नका. नातीचा जन्मदाखला, त्यात वडिलांचं नाव आणि मृत्यूचा दाखला एवढी कागदं हाताशी ठेवा. शिवाय राज्याची बालसंगोपन योजना एक पालक गमावलेल्या मुलांसाठीही आहे. त्यासाठी सांगलीच्या जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा, नातीच्या आईला सोबत न्या.