भाषा शिकायचं वय आणि परीक्षेची धडधड

आपल्या होस्टेलवर दर दोन-चार खोल्यांमागे एक जण जर्मन नाहीतर जपानी शिकतोय. कुणाला एम.एस.ला जायचंय, कुणाला नोकरीत उपयोग होईल असं वाटतंय. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य : "लहानपणी शिकायला हवं होतं, आता जीभ वळत नाही!" माझ्या जर्मनच्या वर्गात पन्नाशीचे एक काका आहेत. मुलगी तिकडे असते, नातू जर्मनच बोलतो, त्याच्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून येतात. त्यांचंही वाक्य तेच. अठरा आणि पन्नास, दोघांची तक्रार एकच! म्हणून या विषयावर जे सापडलं ते वाचून काढलं. त्याचंच हे सार.

वय नक्की कुठे आड येतं?

एरिक लेनेबर्ग या अभ्यासकाने १९६७ साली मांडलं की वयात येईपर्यंत भाषा सहज शिकण्याचा एक खास काळ असतो. त्यावर पुष्कळ वाद झाले, पण एक गोष्ट स्पष्ट झाली. भाषा म्हणजे एकच कौशल्य नाही, आणि वयाचा परिणाम प्रत्येक भागावर वेगळा होतो.

पहिला भाग उच्चारांचा. १९८४ साली कॅनडात एक मजेशीर प्रयोग झाला. इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळायचा. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना कळेनासा झाला! म्हणजे कान वर्षाच्या आतच घरच्या भाषेला जुळतात. त्यामुळे जर्मनचा 'यू' वरच्या दोन टिंबांसकट जमत नसेल, तर वाईट वाटून घेऊ नका.

दुसरा भाग व्याकरणाचा. २०१८ साली सुमारे पावणेसात लाख लोकांच्या चाचणीवरून असा निष्कर्ष निघाला की व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण सतरा-अठरा वर्षांपर्यंत टिकते, मग उतरू लागते. उतरते, बंद पडत नाही. जन्मजात बोलणाऱ्यासारखं अचूक होणं अवघड जातं, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा भाग वेगाचा, आणि इथे बाजी आपली! नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या महिन्यांत पुढे होते किशोरवयीन आणि मोठी माणसं. तीन ते पाच वर्षांची मुलं मागे होती. कारण मोठ्यांना नियम कळतो, तुलना करता येते. मराठी माणसाला तर तीन लिंगं घरचीच. 'डेर, डी, डास' बघून इंग्रजी माणूस दचकतो, आपण 'तो, ती, ते' म्हणतच वाढलोय. (सूर्य तिकडे स्त्रीलिंगी आहे, तेवढं पाठ करा!)

मग परीक्षेत दातखीळ का बसते?

जर्मनच्या ए-१ परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग आणि पास व्हायला शंभरात साठ. बोलताना स्वतःची ओळख, नावाचं स्पेलिंग, एखादा नंबर, साधे प्रश्न. उच्चार अगदी तिकडच्यासारखा असावा अशी अपेक्षा नसते. तरी घाम फुटतो, कारण चालू विचार धरून ठेवणारी स्मृती आपल्या पीसीच्या रॅमसारखी मर्यादित असते. "नापास झालो तर?" हा प्रोग्रॅम मागे चालू राहिला की शब्दांना जागा उरत नाही. परक्या भाषेत तर आपण मुळातच बावळट वाटतो, म्हणून ही भीती जास्त.

काय करता येईल?

१) वाचू नका, आठवा. २००६ सालच्या एका प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्यानंतर स्वतःची चाचणी घेणारे पुढे गेले. वही मिटून बोला.

२) बोलण्याची तालीम माणसासमोर करा. मेसच्या रांगेत रूममेटला स्पेलिंग आणि मोबाईल नंबर जर्मनमध्ये सांगा. तो हसला तर उत्तमच, हसू सहन करण्याचीही सवय होते.

३) पेपरआधी दहा मिनिटं भीती कागदावर लिहून काढा. २०११ सालच्या संशोधनात, जास्त घाबरणाऱ्यांना याचा फायदा झालेला दिसला. वर्गात काकांनी हे करून पाहिलं. त्यांच्या कागदावर एकच ओळ होती : "नातू हसेल."

४) श्वास सावकाश सोडा. आणि आदल्या रात्री झोपा! नाईट मारून शब्द डोक्यात राहत नाहीत.

५) प्रश्न कळला नाही तर "बिट्टं, नोख माल" म्हणजे "कृपया, पुन्हा एकदा" म्हणा. हेही जर्मनच आहे.

थोडक्यात, वयाने आपल्याकडून फार तर उच्चारांची सफाई घेतली आहे, शिकण्याची ताकद नाही. नातवाशी बोलायला, पेपर काढायला, परक्या गावात रस्ता विचारायला ती पुरेशी आहे. तेव्हा अर्ज भरा, आणि ऑल द बेस्ट! की "फील एर्फोल्ग" म्हणू?