गायतोंडे आणि कोरियाची एकरंगी चित्रं: बघायला किती, घ्यायला किती?

सुरुवात मुंबईतच करा. काळा घोड्याच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात (एनजीएमए) भारतीयांना तिकीट 20 रुपये, सोमवारी बंद. समोर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन संग्रहाचं दालन. शेजारची जहांगीर आर्ट गॅलरी फुकट. मात्र वासुदेव गायतोंडे किंवा प्रभाकर कोलते या अमूर्त चित्रकारांची चित्रं भिंतीवर असतीलच असं नाही, ती बदलत असतात. बाहेरगावहून येणार असाल तर आधी फोन करा.

सोलमध्ये आनगुक मेट्रो स्टेशनजवळच्या राष्ट्रीय आधुनिक आणि समकालीन कला संग्रहालयात बुधवारी व शनिवारी संध्याकाळी 6 ते 9 प्रवेश मोफत असतो. कोरियन चित्रकार किम व्हान्कींसाठी बुआम-दोंगमधलं व्हान्की म्युझियम. ते सोमवारी बंद. कोरियाचा व्हिसा मात्र आधी काढावा लागतो. एकदा प्रवेशाचे 40 डॉलर, व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, कुरिअर वेगळं. पासपोर्ट, फोटो, बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, नोकरी असेल तर रजेचं पत्र. अर्ज नाकारला तरी शुल्क परत नाही. ‘लवकर करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला जादा पैसे देऊ नका.

चित्रासमोर पोचलात की दोन पावलं बाजूला सरका आणि कडेने बघा. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने थरावर थर चढवायचे. उजेड आतून झिरपल्यासारखा वाटतो. कोरियाचे पार्क सो-बो ओल्या रंगात पेन्सिलीच्या रेघा ओढत. तिथलेच हा जोंग-ह्यून तर गोणपाटाच्या मागून रंग दाबतात. तो विणीतून पुढे आलेला दिसतो. हे मोबाइलच्या फोटोत येत नाही, म्हणून फोटो बघून खरेदी करू नका.

खरेदीच करायची असेल तर लिलावातली बोली म्हणजे बिल नव्हे. 10 लाखांवर हातोडा पडला आणि बायर्स प्रीमियम (लिलावगृह खरेदीदाराकडून घेतं ते शुल्क) 20 टक्के असला, की झाले 12 लाख. जीएसटी, विमा, वाहतूक पुढे. नियमावलीतला प्रीमियमचा आकडा बोली लावण्याआधी वाचा. कोरियातून आणलं तर कस्टम ड्युटी आणि तिच्यासकट रकमेवर आयजीएसटी. वर्षभरात परदेशी पाठवलेली रक्कम 10 लाखांपुढे गेली की बँक वरच्या रकमेवर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा आयकर) घेते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात.

विक्रेता ‘बिल नको, रोख द्या’ म्हणाला तर निघा. 2 लाख किंवा जास्त रोख घेणं त्यालाच बेकायदा आहे आणि बिलाशिवाय चित्र पुढे विकताना तुम्हीच अडकाल. प्रिंट घेताना आवृत्तीचा क्रमांक आणि पेन्सिलीची सही तपासा. फ्रेमचे पैसे किमतीत धरलेत का, तेही तिथेच विचारा.