धंद्याला किती वर्षं झाली? इंग्रजीत नीट सांगायला शिका



प्रदर्शनातला स्टॉल असो, बँक असो की परराज्यातल्या खरेदीदाराचा फोन, एक प्रश्न हमखास येतो : "हाऊ लाँग हॅव यू बीन इन धिस बिझनेस?" म्हणजे, या धंद्यात तुम्ही किती वर्षांपासून आहात? उत्तर एका वाक्याचं, पण समोरचा तुमचा अनुभव त्यावरूनच मोजतो. म्हणून आज हे वाक्य पक्कं करू.

समजा, तुम्ही आठ वर्षांपासून पापड बनवता. मराठीत क्रियापद साध्या वर्तमानकाळात चालतं. तसंच्या तसं इंग्रजी केलं की होतं, "आय ॲम मेकिंग पापड सिन्स एट इयर्स." आपल्याकडे लोकांना कळतं, पण वाक्य चूक आहे. दुसरी चूक जास्त महागात पडते : "आय मेड पापड फॉर एट इयर्स." याचा अर्थ, आठ वर्षं बनवले, आता बंद! ऑर्डर द्यायला आलेला माणूस परत जाईल.

बरोबर वाक्य : "आय हॅव बीन मेकिंग पापड फॉर एट इयर्स." काम पूर्वी सुरू झालं आणि आजही चालू आहे, हे दोन्ही त्यात आलं.

फॉर की सिन्स?
आपला 'पासून' दोन्हीकडे चालतो : 'आठ वर्षांपासून' आणि '2017 पासून'. इंग्रजीत तसं नाही.
- किती काळ, ते सांगायचं असेल तर फॉर : फॉर एट इयर्स, फॉर सिक्स मंथ्स.
- कधी सुरू झालं, ते सांगायचं असेल तर सिन्स : सिन्स 2017, सिन्स दिवाळी.

हॅव की हॅज?
आय, यू, वुई, दे यांना हॅव. ही, शी, इट किंवा एका युनिटला हॅज : "अवर युनिट हॅज बीन इन सांगली सिन्स 2017."

इथे 'इंग' नको
मालकीचं असणं, ओळखणं अशा क्रियापदांना 'इंग' लावू नका. "वुई हॅव हॅड धिस मशीन फॉर थ्री इयर्स." "आय हॅव नोन धिस सप्लायर सिन्स 2019."

जुनी नोकरी
सोडलेल्या कामाला मात्र साधा भूतकाळच : "आय वर्क्ड इन अ बेकरी फॉर थ्री इयर्स."

अडकलेलं पेमेंट
एमएसएमईडी कायदा 2006 प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराशी लेखी करार असला, तरी मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तेव्हा ईमेलमध्ये नुसतं "पेमेंट इज पेंडिंग" लिहून थांबू नका, दिवस सांगा : "द पेमेंट हॅज बीन पेंडिंग फॉर सिक्स्टी डेज." भाषा सभ्य राहते आणि हिशोबही समोर येतो.

आता वही काढा आणि तीन वाक्यं लिहा : धंदा किती वर्षांपासून, या जागेत कधीपासून, मुख्य मशीन किती दिवसांपासून. आरशासमोर रोज पाच वेळा मोठ्याने म्हणा. पुढच्या फोनवर उत्तर अडखळणार नाही.