कलदार रुपयाची पारख

पाचाडला उधारीच्या वसुलीसाठी गेलो असता एका वृद्ध गिऱ्हाइकाने कापडाच्या बाकीपोटी सहा कलदार रुपये आमच्यापुढे ठेवले. घरच्यांनी ते राख-चिंचेने घासून लखलखीत केले होते. आम्हास मात्र वाईट वाटले, कारण त्यात एक १९११ चा होता. त्या वर्षीच्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या अंगावरील माळेतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, बहुतेक नाणी वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. शौकीन मंडळी म्हणूनच तो रुपया शोधतात. पाच रुपये आम्ही चांदीच्या भावाने धरले. हा परत देऊन जाणकारास दाखवण्यास सांगितले.

व्यापारी बंधूंनो, काळसर थर म्हणजे मळ नव्हे. धुतलेले कापड कोऱ्या ताक्याच्या भावाने कोण घेईल? पारख करताना उंच भाग आधी पाहावेत: मुकुटाची नक्षी, कान, मिशी. तेथे झीज नसेल तर माल उत्तम. नक्षी पुसट पण अक्षरे स्पष्ट असतील तर मध्यम. माळेसाठी कडी डागलेले नाणे बहुधा चांदीच्याच भावाने जाते.

वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. चांदी बारात अकरा भाग. १९४० पासून निम्मी, आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर तळच्या फुलाखाली ठिपका असला तर टांकसाळ मुंबईची, नसला तर कलकत्त्याची.

त्या गिऱ्हाइकाच्या पेटीत आणखी चार न घासलेले रुपये निघाले. कागदाच्या पुडीत बांधून ते तसेच ठेवावयास सांगून आम्ही निघालो.