यकृताचा कर्करोग आणि अणुभट्टी

मोठ्या आतड्याचा कर्करोग पुष्कळदा यकृतात पसरतो. गाठी यकृतभर विखुरल्या असतील, तर शस्त्रक्रियेने त्या काढणे अशक्य होते. बाहेरून तीव्र किरण सोडावेत, तर निरोगी यकृतही नाश पावते.

या पेचातून वाट काढण्याचा प्रयोग इटलीतील पाव्हिया येथे २००१ साली झाला. रोग्यास प्रथम बोरॉनयुक्त औषध शिरेवाटे देण्यात आले. कर्कपेशी ते निरोगी पेशींहून अधिक प्रमाणात शोषून घेतात. इतर इंद्रियांना इजा पोचू नये म्हणून यकृत शरीराबाहेर काढून विद्यापीठाच्या अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवले आणि पुन्हा त्याच रोग्याच्या देहात बसविले.

बोरॉन-१० च्या अणुकेंद्राने मंदगती न्यूट्रॉन ग्रहण केला की ते फुटते व त्यातून हेलियम आणि लिथियम यांचे वेगवान कण निघतात. त्यांची धाव मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाइतकी, म्हणजे जवळजवळ एका पेशीपुरतीच असते. साहजिकच, जेथे बोरॉन अधिक, तेथेच संहार अधिक.

पहिला रोगी साडेतीन वर्षांहून अधिक काळ जगला. २००३ मधील दुसरा मात्र सुमारे महिन्याभरात दगावला. दोन रोग्यांवरून उपचार सिद्ध होत नाही. मात्र विखुरलेल्या गाठींना पेशीगणिक गाठता येते, एवढे या प्रयोगाने दाखविले.