खाण वर, ओघळ शिवारात

येडशीजवळच्या माळावर मुरमाची खाण सुरू होणार म्हटल्यावर गावात चर्चा रंगली ती खड्ड्याची. किती ब्रास निघणार, रॉयल्टी भरली का, सुरुंग लावणार का? डंपर कुठून जाणार, हे प्रस्तुत लेखकाने विचारलं होतं. ही नोंद मुद्दाम करावी लागते, कारण पुढे "तेव्हा गप्प का बसलात?" असं ऐकवणारे पुष्कळ भेटले. खाणवाल्याचा मुनीम तेव्हा हसला होता. "काका, रस्ता तर पहिल्यापासूनच आहे की!"

होता. बैलगाडीचा.

दोन्हीकडे बोरी-बाभळी, मधल्या पट्ट्यात गवत, आणि त्यावर चरत जाणाऱ्या उस्मानाबादी शेळ्या. जेसीबीने दोन दिवसांत ती गाडीवाट दुप्पट रुंद केली, वरची काळी माती उताराखाली ढकलली आणि चढ सरळ टेकडीला भिडवला. वळसा घेतला तर डिझेल जास्त जातं, हा त्यामागचा हिशेब. डिझेल खाणवाल्याचं वाचलं, माती लेखकाची गेली.

बालाघाटाच्या उतारावर माती असते तरी किती? बेसाल्टच्या थरांवर मुरूम आणि मुरमावर जेमतेम वीतभर काळी. भरलेला डंपर त्यावरून रोज फिरला की ती दबून घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि चाकोऱ्यांचे आयते पाट होतात. पेरणीनंतरच्या पहिल्याच मोठ्या पावसात हे सगळं उघड झालं. आधी शिवारभर पसरून येणारं पाणी त्या रात्री रस्त्याने एकवटून आलं, बांध फोडला आणि उगवत्या सोयाबीनवर मुरमाची पाटी उलटावी तसा गाळ टाकून गेलं. सकाळी लेखक टेकडीवर चढून गेला. खाणीच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं आणि ते तिथेच होतं. शेतात आला होता तो सगळा रस्ता. अमेरिकेच्या वायव्येकडील जंगलांत संशोधकांना हेच आढळलं होतं: ओढ्यांत उतरणाऱ्या गाळाचा मोठा वाटा झाडं तोडलेल्या जागेतून नव्हे, लाकूड वाहून नेणाऱ्या कच्च्या रस्त्यांवरून येतो.

खाणवाला शेतात आला, पँटचे पाय वर दुमडून बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, "पाऊसच जास्त झाला यंदा." परवानगीचा नकाशा मागितल्यावर मात्र त्याला अचानक दुसरीकडे काम निघालं. नकाशा शेवटी माहितीच्या अधिकारात हाती आला. त्यात खाणीचा चौकोन होता, चतुःसीमा होती, गट नंबर होते. रस्ता नव्हता!

तेव्हा पहिली गोष्ट, नकाशात रस्ता आखलेला आहे का ते बघा, तेही मशीन येण्याआधी. तो गाव नकाशावर ठेवून कोणत्या गटातून जातो हे तपासा. वाटेत वनजमिनीचा तुकडा असेल तर खाण हद्दीबाहेर आहे ही सबब चालत नाही. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार त्या रस्त्यालाही केंद्राची पूर्वमंजुरी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशाने तर कागदोपत्री जंगल असलेली जमीन, मालक कोणीही असो, या कक्षेत आणली. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्याभोवतीच्या गावांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: अभयारण्यात आणि त्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकामाला सर्वोच्च न्यायालयाची मनाई आहे, आणि २०२३ मध्ये इतर निर्बंध सैल करतानाही न्यायालयाने ती कायम ठेवली. टिपेश्वर अभयारण्याकडून आलेला वाघ २०२४ च्या डिसेंबरात याच जंगलात कॅमेऱ्यात टिपला गेला. एवढंसं रान, असं म्हणणाऱ्यांना हे सांगायला बरं पडतं.

"आमची खाण छोटी, आम्हाला पर्यावरण मंजुरी नको," हेही ऐकावं लागेल. दीपक कुमार खटल्यात २०१२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजालाही ती आवश्यक ठरवली आहे. मंजुरीची प्रत मागा आणि अटी वाचा.

रस्ता होणारच असेल तर तो उतार कापत नव्हे, समपातळीच्या कलाने वळत जाऊ द्या. एक डंपर जाईल एवढीच रुंदी, मधे मधे बाजू द्यायला जागा. काळी माती वेगळी रचायला लावा, उताराखाली ढकलू देऊ नका. ठरावीक अंतरावर आडवे चर हवेत, म्हणजे पाणी थोडं थोडं बाहेर पडेल. चिखल झाला की वाहतूक बंद. नाहीतर डंपर बाजूने नवी वाट पाडतात आणि एका रस्त्याचे तीन होतात. फोटो काढून ठेवा, गावाने एकत्र राहा वगैरे सगळं खरं, पण ज्यांची शेतं वर होती ते एकत्र आले नाहीत.

ढिगाऱ्याने पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवून शेताचं नुकसान होत असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. मुदत सहा महिन्यांची. खाणवाल्याची गोड आश्वासनं बरोबर तेवढीच पुरतात.

खाण संपल्यावर रस्ता उखडून माती परत पसरायची आणि तोंडाशी चर खणायचा, हेही आधीच लिहून घ्यावं. लेखकाने ही मागणी केली तेव्हा खाणवाल्याला फार नवल वाटलं. "तयार रस्ता आहे, गावाच्याच उपयोगाचा!" उपयोग सुरू झालाही. आता रात्री विनापरवाना मुरूम नेणारे ट्रॅक्टर त्याच रस्त्याने चढतात, आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारीही लेखकालाच द्याव्या लागतात.